हॉरर: एक पुस्तक, एक पिक्चर, एक गाणं. तुमची तिकडी टाका

रातकिडा

लोकहो, शनिवारी रात्री मित्राच्या गच्चीवर वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे आणतोय. आमचा सहाजणांचा ग्रुप, सगळे हॉररचे किडे, त्यातले तिघं मेटलवाले. एकाचं म्हणणं पडलं की हॉरर हा बघायचाच प्रकार, पुस्तकात कसली डोंबलाची भीती, पान मिटलं की विषय संपला. मी म्हटलं तू धारप वाचलेले नाहीस एवढंच यातून कळतं. मग त्याने माझ्याकडे तिकडी मागितली. एक पुस्तक, एक पिक्चर, एक गाणं, तिन्हीला खरोखर टरकलेली पाहिजे, नुसतं "भारी आहे" चालणार नाही.

माझी घ्या. पुस्तक नारायण धारपांचं लुचाई. आजोळी माळ्यावर सापडलं, पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं उंदरांनी खाल्लेली. लाईट गेलेले म्हणून टॉर्चवर वाचत बसलो आणि दीडच्या सुमाराला परसाकडे जायचं होतं ते सकाळपर्यंत दाबून धरलं. बास, यापुढे रिव्ह्यू काय लिहू.

पिक्चर तुंबाड. २०१८ ला आला तेव्हा माझी दहावी, घरून परवानगी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये परत थेटरात लागला तेव्हा दोनदा बघितला, दुसऱ्यांदा एकट्याने, जो मूर्खपणा होता.

गाणं ब्लॅक सबाथचं. गाण्याचं नाव ब्लॅक सबाथ, अल्बमचं पण तेच, साल १९७०. आणि बँडने हे नाव घेतलं तेच मुळी एका हॉरर पिक्चरवरून, म्हणजे घराणंच ते. आधी पाऊस, लांबवर चर्चची घंटा, मग गिटारचे ते तीन सूर. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत त्यांचा गायक ऑझी गेला त्या रात्री हेच लावून बसलेलो.

आता हे टाईप करताना एक गंमत लक्षात आली. तुंबाड म्हटल्यावर मला पहिला आठवतो तो पाऊस. म्हणजे पावसाचा आवाज. ती आजी पण आठवते पण आधी तिचं घोरणं आणि साखळ्या, चेहरा नंतर. तर तिकडी टाकाच, आणि हेही सांगा की तुमची भीती डोळ्याने शिरते का कानाने?

ठेका_चुकला

कानाने, प्रश्नच नाही. मी तबलेवाला आहे त्यामुळे माझं मत तसंही पक्षपाती धरा.

माझा पिक्चर आणि गाणं एकच, जॉन कार्पेंटरचा हॅलोवीन, १९७८. संगीत त्याचं स्वतःचंच. पियानोची ती धून पाच मात्रांची आहे, दुगुनीत मोजलीत तर दहा, बोटांवर घ्या ३-३-२-२. झपताल पण दहाचाच म्हणून मी पहिल्यांदा ऐकताना मांडीवर झपताल धरायला गेलो आणि तोंडावर आपटलो, कारण त्याचे विभाग २-३-२-३. आणि ज्याला ताल वगैरे काही कळत नाही त्याचाही कान चारवर वाढलेला असतो, चार झाले की आता सम, म्हणजे परत पहिली मात्रा, म्हणून टेकायला जातो तर अजून एक मात्रा शिल्लक. अंधारात जिना उतरताना शेवटची एक पायरी जास्त निघावी तसं होतं. कार्पेंटरला ही पाचाची लय त्याच्या वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेली, वडील संगीताचे प्रोफेसर. किस्सा असा आहे की त्याने पिक्चर संगीत न घालता स्टुडिओतल्या एका बाईंना दाखवला, त्या ढिम्म घाबरल्या नाहीत. मग त्याने बसून संगीत केलं. पुढचं सगळ्यांना माहितीये.

रातकिड्या, तुझे सबाथचे तीन सूर म्हणजे सा, वरचा सा, आणि खाली येऊन तीव्र मध्यम. तिकडे सा ते तीव्र म या अंतराला सैतान बियतान म्हणतात. अरे पण तीव्र म यमन रागात आहे की! क्लासला आठ वर्षांची पोरं यमन घोकतात, एकही घाबरून घरी गेलेलं मी पाहिलं नाही. फरक एवढाच की यमनमध्ये तो म पंचमाकडे, म्हणजे लगेच वरच्या प कडे जातो, सुटतो. सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी तो म कंप देत धरून ठेवतो आणि पंचम देतच नाही. सगळी भीती त्या न दिलेल्या पंचमाची आहे.

पुस्तक पास. वाचन कमी आहे, खोटं कशाला बोलू.

परसदार

वा ठेकेवाले, छान लिहिलंत. मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा बरीच मोठी असेन त्यामुळे ते सबाथ वगैरे काही मला ठाऊक नाही, पण कानाचं म्हणाल तर महलमधलं "आयेगा आनेवाला" ऐकलंयत ना? १९४९ चा पिक्चर, संगीत खेमचंद प्रकाश. आमच्या घरी रात्री रेडिओवर लागलं की आई कंदिलाची वात उगीचच मोठी करायची हे मला पक्कं आठवतंय. त्यातलं सुरुवातीचं जे तालाशिवायचं गाणं आहे ना, "खामोश है जमाना"पासूनचं, ते लांबून जवळ येत जातं. आता हे यंत्रावर होत असेल, तेव्हा लताबाईंना माईकपासून दूर उभं केलं होतं आणि गात गात माईककडे चालत यायला लावलं होतं, त्यांनी स्वतःच सांगितलंय. म्हणजे बघा, आपण घाबरतो ते सूर बेसूर म्हणून नाही, कोणीतरी खरंच चालत येतंय म्हणून. तेव्हा त्या जेमतेम वीस वर्षांच्या. आणि रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं कामिनी, म्हणजे पिक्चरमधल्या पात्राचंच! लोकांनी रेडिओला विचारविचारून भंडावलं तेव्हा खरं नाव बाहेर आलं. पुढच्याच वर्षी खेमचंद प्रकाश गेले बिचारे.

पुस्तकात माझं मत रत्नाकर मतकरींना. खेकडा वाचून बघ रे रातकिड्या. धारपांकडे अमानवी काहीतरी बाहेरून येतं आणि मतकरींकडे ते माणसातच असतं, म्हणून मला ते जास्त छळतं. आणि गंमत म्हणजे हाच माणूस अलबत्या गलबत्याही लिहितो, चिंची चेटकीण बघून माझी नात खदाखदा हसत होती आणि मी मनात म्हणत होते, बाई गं, या लेखकाचं दुसरं कपाट तू अजून उघडलेलं नाहीस.

स्पष्टच_बोलतो

सगळं ठीक पण लुचाई म्हणजे स्टीफन किंगचं सेलम्स लॉट हे कोणी बोलणार आहे का? आणि बीस साल बाद म्हणजे शेरलॉकचा कुत्रा. आपलं ओरिजिनल काय?

रातकिडा

@स्पष्टच_बोलतो लुचाईचं मान्य, त्यात लपवण्यासारखं काय आहे. पण माळ्यावर टॉर्च घेऊन बसलेल्या पोराला किंग कुठला माहीत असणार, त्याला ती भीती मराठीतच लागली आणि मराठीतच राहिली. किंग मी नंतर वाचला, आवडला, पण परसाकडे जाऊन आलो मधे.

आणि ओरिजिनलचं म्हणशील तर तुंबाडचा प्रवास बघ. राही अनिल बर्वेने धारपांची एक गोष्ट १९९३ मध्ये नागझिराच्या जंगलात ऐकली. ऐकली हां, वाचली नाही, रात्री मित्राने सांगितली. पिक्चरचं नाव कुठून, तर श्री. ना. पेंडशांच्या तुंबाडचे खोत वरून, ज्यात भूत वगैरे विषयच नाही. शूटिंग खऱ्या पावसात, त्यासाठी एकामागून एक पावसाळे थांबले. आणि पार्श्वसंगीत जेस्पर किड नावाच्या डॅनिश माणसाचं, तोच तो हिटमॅन आणि असॅसिन्स क्रीड गेमवाला. यातलं ओरिजिनल कुठे सुरू होतं ते तूच सांग, मी हात टेकले.

@परसदार ताई, महल ऐकलं. हेडफोनवर. चूक केली.

डबल_बॅटरी

तुम्ही लोक फारच हायफाय. माझी तिकडी सरळ आहे, पुराना मंदिर, पुराना मंदिर आणि पुराना मंदिर. १९८४ चा. मी मात्र जत्रेतल्या तंबूत पाहिला, बराच नंतर, पडद्याला ठिगळ होतं आणि त्यातला राक्षस सामरी बरोबर त्या ठिगळात यायचा. प्रोजेक्टरचा खडखडाट एवढा की संगीत बिंगीत काही ऐकू आलं नाही तरी चड्डी ओली. त्यामुळे कानवाल्यांचा निषेध!

अवांतर: रामसे लोकांचा दो गज जमीन के नीचे, १९७२ वाला, महाबळेश्वरला शूट झालाय, अख्खं खानदान आणि युनिट गेस्ट हाऊसमध्ये उतरवून. तिकडे लोक स्ट्रॉबेरी खायला जातात, मी गेलो की झाडीतल्या जुन्या बंगल्यांकडे बघत बसतो, बायको वैतागते.

ठेका_चुकला

@डबल_बॅटरी निषेध नोंदवला. पण तो प्रोजेक्टरचा खडखडाट अजून लक्षात आहे ना तुमच्या? मग झालं तर.

@स्पष्टच_बोलतो तुमची तिकडी कुठाय?

स्पष्टच_बोलतो

मी हॉरर बघत नाही. झोप लागत नाही.

परसदार

😄 हे मात्र स्पष्टच बोललात.

रातकिडा

अपडेट. ठेकेदादांचं वाचून आज आजीची पेटी काढली. सा, वरचा सा, तीव्र म. म वर बोट दाबून धरलं आणि भाता मारत राहिलो, पंचम दिला नाही. सातचा सुमार असेल. आजी आत कुकर लावत होती, ती ओला हात पदराला पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "दिवेलागणीला हे काय रे मेल्या, एक तर नीट वाजव नाहीतर बंद कर." तिला सबाथ माहीत नाही, पिक्चर ती बघत नाही. मी मुकाट पंचम दिला तेव्हा कुठे परत आत गेली.