मदत हवी आहे: बिस्किटांना पदर सुटत नाहीत

सांगलीतल्या या उकाड्यात घरी ओटीजीत बिस्किटं करणारं कुणी आहे का? चहात बुडवायची कुरकुरीत नव्हे, ती अमेरिकन पद्धतीची खारट, मऊ, ताक घातलेली, हातानं उकलली की पदर सुटणारी. 2 वाट्या मैदा, 1 टेबलस्पून बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, 100 ग्रॅम गार बटर किसून, वरून लागेल तसं ताक आणि 220 डिग्री. थंड बटरमधल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होते आणि पदर फुगतात, हे ठाऊक आहे हो, पण घड्या घालेपर्यंतच बटर हाताला चिकटायला लागतं, मग ट्रेत तूप पसरतं, बिस्किटं खालून तळल्यासारखी होतात आणि मध्ये गच्च गोळा! सासूबाई म्हणतात सरळ डालडा घाल, तो लवकर वितळत नाही. बरोबरच आहे त्यांचं पण बटरची चव कुठनं आणू? कापलेली बिस्किटं थोडा वेळ फ्रीजरला टाकून मग भाजली तर चालतील का, आणि मैदाही आधी गार करायचा का? घरचं लोणी वापरलंय का कुणी, त्यात पाणी जास्त असतं ना? माप सांगा प्लीज, रविवारी पाहुणे आहेत.