मदत हवी आहे: नवा लोगो आधी, की 'नावे टाकणं' बंद करणं आधी?

भडंगवाली_सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

सासरी फरसाणाचा धंदा आहे. सांगली पट्ट्यात चार दुकानं, गावाबाहेर एक कारखाना. भडंग, चिवडा, शेव आणि दिवाळीत फराळ. सासऱ्यांना घरी-दारी सगळेच अण्णा म्हणतात. 1986 साली हातगाडीवर सुरुवात केली त्यांनी. मी दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून इकडे आले. मार्केटिंगचं एमबीए आहे म्हटल्यावर 'ते ब्रँडिंगचं काय ते सूनबाई बघतील' असं परस्पर ठरलं.

गेल्या दिवाळीपासून विक्री बसलीय. गुगलवरचे तारेही साडेचारवरून साडेतीनवर आलेत. अण्णांनी पुण्याहून एक एजन्सी बोलावली. साडेचार लाखांत नवा लोगो, नवी पाकिटं, चारही दुकानांना एकच रंग आणि घोषवाक्य: 'आपुलकी, पाकिटात भरलेली'. अण्णा जाम खूश. पुढच्या मंगळवारी अ‍ॅडव्हान्सचा चेक द्यायचा आहे.

मी एक-दोन तारेवाले सगळे अभिप्राय वहीत उतरवले. 61 निघाले. त्यात चवीची तक्रार फक्त चौघांची. बाकी सगळं 'परत घेत नाहीत', 'पोरगा अंगावर आला', 'सादळलेला माल दिला आणि वर आम्हालाच खोटं पाडलं'.

मग तीन दिवस दुकानात नुसती बसून राहिले. दुसऱ्या दिवशी एक काकू भडंगाचं पाकीट घेऊन आल्या. मुलगा पुण्याला शिकायला असतो, त्याच्यासाठी नेलं होतं. मऊ पडलेलं, एक मुरमुरा कुरकुरीत नाही. काउंटरवरचा पोरगा लगेच, 'तुम्हीच उघडं ठेवलं असेल.' शब्दाने शब्द वाढला, काकू पाकीट काउंटरवर आपटून गेल्या. मला त्या पोराचा राग आला. तसा तो गुणी आहे, मला वहिनी-वहिनी करतो. संध्याकाळी विचारलं, 'अरे, 90 रुपयांचं पाकीट, बदलून द्यायचं ना.' तो म्हणाला, 'वहिनी, ते माझ्या नावे पडतं.'

आमच्याकडे एक लाल वही आहे. परत आलेला माल, फुटलेली बरणी, काट्यावर जास्त गेलेलं वजन, सगळं ज्याच्या हातून झालं त्याच्या नावे टाकतात आणि पगारातून कापतात. त्याचा रोज 380. म्हणजे एक पाकीट परत घेतलं की दिवसाच्या मजुरीतला जवळजवळ पाव हिस्सा गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही भांडलेच असते.

आता खरी गंमत. पाकीट मी कारखान्यात नेलं. कोपऱ्यातला सील दाबला तर फुस्स करून हवा गेली. सीलिंग मशीनचा एक जबडा नीट तापत नाही. किती दिवसांपासून? कुणालाच ठाऊक नाही. कारण दुकानातली पोरं माल परतच घेत नाहीत, त्यामुळे कारखान्याकडे तक्रार पोचतच नाही!

अण्णा वाईट माणूस नाहीत हो. पोरांच्या दवाखान्याचं बिल भरतात, बहिणीच्या लग्नाला उचल देतात. पण लाल वहीला हात लावला की 'शिस्त मोडली तर धंदा मोडला' हे वाक्य ठरलेलं. माझे दोन प्रश्न:

एक, दुकानाच्या आतली वागणूकच बाहेर 'ब्रँड' म्हणून दिसते, हे अण्णांना पटेल अशा भाषेत कसं सांगू? दोन, वही बंद करायची तर तिच्या जागी काय आणू?

---

खवट_शेंगदाणा

लोगो कराच. पोरगा त्याच्याखाली उभा राहून भांडेल, फोटो झकास येईल.

---

बँकेतली_मावशी

तुमचं वाचून अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक आठवली. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात बँकेच्या आठ गोष्टी मारायच्या, खातं, कार्ड वगैरे, असा वरून धोशा होता. टार्गेट नाही झालं की शाखेतल्या माणसाची धडगत नाही. मग त्या लोकांनी काय केलं? ग्राहकाला न विचारताच खाती उघडली, थोडीथोडकी नाही, लाखोंनी. 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड बसला आणि प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. त्याआधी पाचेक वर्षांत बँकेने 5,300 लोकांना घरी पाठवलं होतं, म्हणजे दोष माणसांचा. टार्गेट मात्र तसंच चालू होतं.

तुमची लाल वही आणि त्यांचं टार्गेट एकाच जातीचं. मालकाने मनात काय ठरवलंय ते ग्राहकाला कुठे दिसतं? काउंटरवरच्या माणसाला कशाची भीती वाटते, ते मात्र लगेच दिसतं.

---

पेठेतला

फारसा सहमत नाही. आमच्या पुण्यात दुकानदार तुसडा असला तरी रांग लागते, दुपारी झोपायला गेला तरी लोक चारपर्यंत थांबतात. वागणुकीचं एवढं काय घेऊन बसलात?

---

भडंगवाली_सून

@पेठेतला, त्यांचा माल कधी सादळलेला निघत नाही ना! आमच्याकडे माल सादळलेला आणि वर तुसडेपणा. एक काहीतरी सोडावं लागेल.

---

हॉटेल_लाइन

हॉटेल व्यवसायात आहे म्हणून लिहितो. 26/11 ला ताजमधले कर्मचारी मागच्या दाराने निसटू शकत असतानाही पाहुण्यांसाठी थांबले, काहींचा जीव गेला. पुढे हार्वर्डच्या प्राध्यापकांनी त्याचा अभ्यास केला. त्यात मला भावलेली गोष्ट अशी: नव्या माणसाला तिथे 18 महिने शिकवतात, इतरत्र साधारण 12. आणि शिकवतात काय, तर पाहुण्याची बाजू कंपनीपुढे मांडायची, कंपनीची पाहुण्यापुढे नाही. जागेवर निर्णय घ्यायची मुभा असते. त्या रात्री हुकमाची वाट कुणी बघत बसलं नाही, सवय होती.

भडंगाच्या दुकानाला ताजचा दाखला जड होतो, कळतंय. पण तुमच्या पोराला 90 रुपयांचासुद्धा निर्णय घेता येत नाही, एवढं लक्षात घ्या.

---

गिरगावची_मुलगी

मी लिज्जतचं उदाहरण देईन. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. आजही लाटणारी प्रत्येक जण तिथे भागीदार, 'बहीण', नोकर नव्हे. पापड जाड-बारीक झाला तर नाव तिच्याच संस्थेचं जातं, वर कुणी उभं राहायला नको. अर्थात अण्णांना भागीदारी द्या म्हणून सांगायला जाऊ नका, तुम्हालाच माहेरी पाठवतील :)

---

जुना_किराणावाला

सूनबाई, मी 31 वर्षं दुकान चालवलं. थोडं रागावून, थोडं मायेनं सांगतो.

तुमचे अण्णा अगदीच चुकीचे नाहीत. मीही एकदा कापाकापी पूर्ण बंद केली होती. दोन महिन्यांत काजूच्या डब्याचा तळ दिसायला लागला. त्यामुळे 'वही बंद करा' असं अजिबात म्हणू नका. ते ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबरही आहे.

वहीची दोन खाती करा. मालाची तूट वेगळी, परत माल वेगळा. तूट असेल तर पोरांकडे हिशोब मागा, खुशाल मागा. परत माल मात्र कुणा पोराच्या नावे टाकायचा नाही, कारखान्याच्या नावे टाकायचा. 200 रुपयांपर्यंतचं पाकीट पोराने कुणाला न विचारता बदलून द्यायचं, पाकिटावरची बनवल्याची तारीख आणि घाणा (बॅच) नंबर लिहायचा, आणि ते पाकीट संध्याकाळच्या टेंपोने कारखान्यात परत. महिनाभरात कळेल कुठल्या मशीनचं काय दुखतंय. तोवर रोज सकाळी प्रत्येक मशीनची दोन पाकिटं बादलीतल्या पाण्यात दाबून बघा. बुडबुडे आले की सील गेला.

आणि अण्णांना 'ब्रँड', 'कल्चर' असलं काही बोलू नका. त्यांच्याच वहीत दाखवा. वर्षभरात परत मालापोटी पोरांचे किती कापले आणि त्याच वर्षात विक्री किती घटली, दोन आकडे शेजारी-शेजारी. हातगाडीवर असताना ते स्वतः परत आलेला पुडा काय करायचे, तेही विचारा. सगळ्यांसमोर नको, रात्री जेवण झाल्यावर.

---

खवट_शेंगदाणा

किराणावाले काकांना +1. वाखू (वाचनखूण) साठवली. एजन्सीचे साडेचार लाख वाचले तर आम्हाला भडंग पाठवा, सील तपासून.

---

भडंगवाली_सून

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

काका, तुम्ही म्हणालात तसं केलं. वर्षभरात परत मालाचे कापलेले पैसे: 11,340. अण्णांनी तो आकडा दोनदा बघितला. 'एवढेच?' म्हणाले. मग विक्रीचा आकडा बघितला आणि काही बोलले नाहीत. हातगाडीचं विचारलं तर सासूबाईच मधे बोलल्या, 'एकाचे दोन पुडे द्यायचे आणि घरी येऊन माझ्यावर ओरडायचे, मुरमुरे नीट भाजले नाहीत म्हणून.' अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी.

सीलिंग मशीनवाल्याला फोन गेलाय. 'परत माल' ही नवी वही शनिवारपासून एकाच दुकानात, प्रयोग म्हणून. मंगळवारची मीटिंग मात्र रद्द झालेली नाही. लोगो हवाच म्हणतात, फक्त घोषवाक्य नको, 'ते आधी जमू दे'.

आता पुढचा प्रश्न: ज्या काकू पाकीट आपटून गेल्या त्यांचा पत्ता शोधलाय. घरी जायचं तर मी एकटीने जाऊ, की त्या पोरालाही सोबत नेऊ? तो म्हणतोय, 'वहिनी, मी बाहेर गाडीजवळ थांबतो.'