मदत हवी आहे: बालसंगोपन योजना, रहिवासी पुराव्यावर अडलंय
नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी अभ्यासिका चालते, मी तिथे शिकवते. वडील वारलेल्या दोन भावंडांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायचाय. मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात. आई धुणीभांडी करते. मृत्यूदाखला, बोनाफाईड, आधार, सगळं तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलंय. पण रेशनकार्ड गावी सासऱ्यांच्या नावावर, आधारवर पत्ताही गावचाच आणि घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नाही. अर्ज मंजूर करणाऱ्या बालकल्याण समितीपुढे पुण्यातल्या रहिवासाचा दुसरा कोणता पुरावा चालतो? शाळेचं पत्र पुरेल का? अलीकडे कुणी असं प्रकरण केलं असेल तर कृपया सांगा. थोरला १७ वर्षांचा आहे, अठरा पूर्ण झाली की त्याला लाभ मिळणार नाही. आत्ताच तो कॉलेज सोडून गॅरेजवर जायचं म्हणतोय.