रिव्हर आयलंडला गिऱ्हाईक परत मिळेल का?

मिडलंड्सकर (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं रिव्हर आयलंडच्या पुनर्रचनेला मंजुरी दिली. सुमारे २३० दुकानांपैकी ३३ बंद करायची, आणखी ७१ दुकानांचं भाडं उतरवून घ्यायचं आणि मालक लुइस कुटुंबानं पैसा घालायचा, असा तो मामला. भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात: ही विलायतेतली मध्यम किमतीच्या, तरुणाईच्या कपड्यांची साखळी. धंदा १९४८ पासूनचा, साठच्या दशकात ‘चेल्सी गर्ल’ नावानं गाजलेला, १९८८ पासून आत्ताच्या नावानं चालू. जरा मोठं गाव असलं की मुख्य पेठेत हे दुकान दिसायचंच.

बातम्यांमध्ये सगळी चर्चा भाड्याची. पण भाडं उतरलं म्हणून कोणी जीन्स घ्यायला आत शिरत नाही. गेलेलं गिऱ्हाईक परत आणायचं कसं, यावर बोलूया.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला ठोकायला सोपं. डिझाइन्स निम्म्यावर आणा. जी ठेवाल ती सगळ्या साइजमध्ये ठेवा. बारमाही सेलचे बोर्ड उतरवा. सेलिब्रिटी, इन्फ्लुएन्सर वगैरे त्यानंतर.

पुरावा म्हणून मार्क्स अँड स्पेन्सर (एम अँड एस) घ्या. १९९८ साली वर्षाला एक अब्ज पौंडांच्या वर नफा नेणारा हा पहिला ब्रिटिश दुकानदार. लगेच पुढच्याच वर्षांत घसरगुंडी लागली ती लागलीच. २०१८ मध्ये शंभरावर दुकानं बंद करायची घोषणा झाली, २०१९ मध्ये फुट्सी १०० या लंडन शेअर बाजारातल्या बड्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकातून हकालपट्टी झाली; १९८४ मध्ये निर्देशांक सुरू झाल्यापासून तोवर ते त्यातून कधी बाहेर पडले नव्हते. २०२३ मध्ये ते परत आत आले. २०१६ मध्ये स्टीव्ह रो प्रमुख झाल्यापासून सूर एकच होता: किंमत पहिल्यापासून रास्त लावा, डिस्काउंट आवरा, मापं नीट करा, साइज संपू देऊ नका. फळ यायला वर्षं लागली, मध्ये कोविड आला, पण आलं.

रेडिंगची मावशी

साइजबद्दल शंभर टक्के. मुलीसाठी एका साखळीच्या दुकानात (नाव राहू द्या) गेले होते. रॅकवर एकच ड्रेस ओळीनं लटकलेला, मी खूश झाले. बघते तर पाच तुकडे सहा नंबरचे आणि दोन अठराचे. मधलं सगळं गायब. किमतीच्या लेबलवर लाल स्टिकर, नखानं उचकटलं तर खाली दुसरं लाल, त्याच्याखाली तिसरं. ४५ पौंडांचा ड्रेस ३२ ला, मग २२ ला, आता १४ ला. मुलगी म्हणाली, “आई, थांबूया, दहाला येईल.” आणि ट्रायल रूम बंद, कारण म्हणे माणूस नाही.

ज्यानं ४५ ला घेतला असेल तो परत त्या दुकानात पाऊल ठेवेल का?

चक्रवाढ

मिडलंड्सकर, एम अँड एसची गोष्ट सांगताना तुम्ही पुडीत बांधलेलं सँडविच विसरलात. त्यांची निम्म्याहून जास्त विक्री खाण्यापिण्याची आहे. २०२०-२१ मध्ये २०० दशलक्ष पौंडांवर तोटा झाला तरी तगले, कारण लोक दूध-कोंबडी घ्यायला येत राहिले आणि जाता जाता मोजे उचलत राहिले. रिव्हर आयलंडकडे विकायला सँडविच नाही. त्यांना दहा वर्षं ‘मापं सुधारायला’ कोण देणार?

खरं दुखणं हिशेबाच्या वहीत आहे. एप्रिल २०२५ पासून मालकानं भरायचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावरचा सामाजिक सुरक्षेचा कर) १३.८ वरून १५ टक्के झाला, आणि तो लागू व्हायची मर्यादा ९१०० पौंडांवरून ५००० वर आली. म्हणजे अर्धवेळ काम करणाऱ्यांवरही भुर्दंड. किमान वेतन तेव्हाच तासाला १२.२१ पौंड झालं. दुकानांवरच्या बिझनेस रेट्समध्ये (जागेवरच्या करात) सवलत होती ती ७५ वरून ४० टक्क्यांवर आणली, आणि तीही एका कंपनीला सगळी दुकानं मिळून १,१०,००० पौंडांपर्यंतच, म्हणजे दोनशे दुकानांच्या साखळीला जवळपास शून्य. दुसरीकडे चीनहून १३५ पौंडांच्या आतलं पार्सल आलं तर आयात शुल्क नाही. शीइन ही स्वस्त कपड्यांची ऑनलाइन कंपनी त्याच दारानं आत आली. या मैदानावर तुम्ही डिझाइन निम्मी करा नाहीतर दुप्पट करा.

मिडलंड्सकर

चक्रवाढसाहेब, हेच कर प्रायमार्क ही स्वस्त कपड्यांची साखळीही भरते की! शिवाय घरपोच विक्री करतच नाही, फार तर ऑनलाइन मागवा आणि दुकानात येऊन घेऊन जा. तरी शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मैदान एकच असेल तर एक संघ हरतो नि दुसरा जिंकतो तो खेळावरच ना?

चक्रवाढ

प्रायमार्कचा मालक कोण? असोसिएटेड ब्रिटिश फूड्स. साखर, ट्वायनिंग्ज चहा. परत खाणंच!

बिनकामाचा

आणि बर्मिंगहॅमच्या प्रायमार्कमध्ये ग्रेग्स या बेकरीवाल्यांचं कॅफे आहे. सँडविच आलंच. ठराव मंजूर, रिव्हर आयलंडनं वडापाव ठेवावा.

कु. खडूस

इथे सगळे चाळिशीपार दिसतायत. रिव्हर आयलंड तुमच्यासाठी नव्हतंच हो काका.

मी मँचेस्टरला असते, त्यांच्या गिऱ्हाइकाच्या वयाची आहे, म्हणून सांगते. त्यांचं नाव मोठं झालं स्किनी जीन्सवर. ‘मॉली’ नावाची त्यांची जीन्स आमच्या शाळेत अर्ध्या वर्गाकडे होती. मग सगळ्या जगानं ढगळ पँटी घातल्या आणि यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही राहिलं नाही. आता आत गेलं तर अर्धं झारासारखं, अर्धं लग्नाला घालायचं, वर सोनेरी बटणं. कोणासाठी आहे तेच कळत नाही.

दुसरं, त्यांचा खरा प्रतिस्पर्धी व्हिंटेड आहे, वापरलेले कपडे विकायचं ॲप. त्यांचाच दोन वर्षांपूर्वीचा ड्रेस तिथे पाच पौंडांत मिळतो, कधीकधी लेबलसकट. नवीन कपडा जुन्यापेक्षा चांगला नसेल तर मी चाळीस का देऊ?

आणि सेलिब्रिटी नको म्हणता, तर २०२४ मध्ये एम अँड एसनं सिएना मिलर या नटीला घेऊन कलेक्शन काढलं होतं, आठवतंय? माझ्या मैत्रिणी तेव्हा पहिल्यांदा त्या दुकानात गेल्या. त्याआधी ते आज्यांचं अंतर्वस्त्रांचं दुकान होतं.

मिडलंड्सकर

खडूसताई, त्याआधी २०१६ मध्ये अलेक्सा चुंगला आणलं होतं, २०१८ मध्ये हॉली विलोबीला. तेव्हा कंपनी सुधारली का? नाही. सिएनाच्या वेळी आत आलेल्या मुलीला धड कपडा मिळाला, म्हणून ती परत आली. चेहरा दारापर्यंत आणतो.

धागादोरा

तिरुपूरला राहतो, मूळचा इचलकरंजीचा. एका बाइंग हाउससाठी, म्हणजे परदेशी दुकानांसाठी माल बनवून घेणाऱ्या कंपनीसाठी, इंग्लंडच्या ऑर्डरी सांभाळतो. कोणत्या कंपन्या ते सांगणार नाही, पोटाचा प्रश्न आहे.

साइज का मोडतात ते माल बनवणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. डिझाइनचा टेक पॅक (मापं, कापड, शिवण यांचा तपशील) येतो तेव्हा फिट सॅम्पल एकाच साइजचं बनतं, बहुतेक दहा किंवा बाराचं. ते मॉडेलच्या अंगावर घालून, टाचण्या लावून, दोन-तीन फेऱ्यांत पास होतं. बाकीच्या साइज त्यावरून ग्रेडिंग करून काढतात, म्हणजे प्रत्येक नंबरला छाती इतकी वाढवा, खांदा इतका. सोळाच्या पुढे शरीर नुसतं रुंद होत नाही, त्याची ठेवण बदलते. खांदा त्याच हिशेबानं वाढवत गेलात की बाही दंडावर उतरते. चांगला बायर मोठ्या साइजचं वेगळं फिट सॅम्पल मागतो. बाकीचे मागत नाहीत, कारण आठवडा जातो आणि कुरिअरचे पैसे जातात. मग तो माल परत येतो, आणि वरचा साहेब म्हणतो “मोठ्या साइजला मागणी नाही.”

कापडाचं तेच. टी-शर्ट १८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) ठरलेला असतो. भावाची घासाघीस सुरू झाली, दहा-बारा सेंट कमी करा म्हटलं, की पहिला बळी जीएसएमचा, १६० वर आणतात. कापडावर नीट प्रक्रिया केली नसेल तर दोन धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर येते. घरी एखादा जुना टी-शर्ट काढून बघा. गिऱ्हाइकाला स्पायरॅलिटी हा शब्द माहीत नसतो, पण “यांचे कपडे टिकत नाहीत” हे पक्कं कळतं.

आता धागाकर्त्यांशी मतभेद. डिझाइन निम्मी करा म्हणणं सोपं आहे. निम्मी केलीत तर प्रत्येक डिझाइनमागे पैज दुप्पट. तीस हजार नग मागवले आणि रंग चुकला तर तोच ढीग लाल स्टिकरखाली जाणार. झारा काय करते? थोडा माल आणते, खपला तर पुन्हा. पण त्यांचा बराच माल स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तानात होतो, आठवड्यांत हाती येतो. आमच्याकडून जहाजानं पाठवायचा तर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर २०२३ च्या शेवटापासून आफ्रिकेला वळसा, दहा-बारा दिवस जास्त. मे मध्ये काय खपतंय ते बघून मागवलेलं कापड ऑगस्टअखेर पोचलं तर काय उपयोग? त्यांनी आधी निदान तिसरा हिस्सा माल जवळून घ्यायची सोय करावी. तो महाग पडेल. पण सत्तर टक्के सवलतीत विकलेल्या मालापेक्षा स्वस्तच.

(भारत-ब्रिटन व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, त्यात कपड्यांवरचं शुल्क शून्य करायचं ठरलं. इथे पेढे वाटून झाले. बांगलादेशला ते आधीपासून शून्य होतं हे कोणी सांगत नाही.)

अंतू पेठकर

पुण्यात लक्ष्मी रोडला आमचं घरचं दुकान, चौथी पिढी. मॉल आले, ऑनलाइन आलं, पार्किंग गेलं, तरी चालू आहोत. वाचून आश्चर्य वाटलं की एवढ्या चर्चेत काउंटरवरच्या माणसाचा उल्लेख नाही. गिऱ्हाईक दारात आल्यावर त्याच्या अंगाकडे बघून साइज सांगता आला पाहिजे, आणि “हा रंग तुम्हाला नाही चांगला दिसत” हे सांगायची हिंमत पाहिजे. तो त्या दिवशी रिकाम्या हातानं जाईल, दिवाळीला घरच्यांना घेऊन येईल. तीन मजल्यांच्या दुकानात दोन पोरं, तीही हँगर लावत बसलेली, याला दुकान म्हणायचं की गोदाम?

कु. खडूस

बाप रे. मला कोणी अंगाकडे बघून साइज सांगितला तर मी ते दुकान सोडेनच, शिवाय रिव्ह्यूही लिहीन.

मला हवंय ते वेगळंच. फोनवर दिसलं पाहिजे की हा टॉप बारा नंबरमध्ये अमुक शाखेत आत्ता आहे. ट्रायल रूम उघडी पाहिजे, उजेड नीट पाहिजे. ऑनलाइन घेतलेलं दुकानात फुकट परत करता आलं पाहिजे. माणूस हवाच, पण मी हाक मारल्यावर.

अंतू पेठकर

तेच म्हणतोय हो. हाक मारल्यावर यायला माणूस असावा लागतो.

चक्रवाढ

आणि त्या माणसाचा पगार? परत वहीवर या. माझा कोरडा सल्ला: ३३ कसली, निम्मी दुकानं बंद करा आणि नेक्स्ट या कपड्यांच्या साखळीच्या वाटेनं जा. नेक्स्टनं १९८८ मध्ये घरपोच कॅटलॉग काढला, म्हणून इंटरनेट आलं तेव्हा गोदामं आणि गाड्या तयार होत्या. आज त्यांच्या संकेतस्थळावर प्रतिस्पर्ध्यांचा मालही विकतात. एप्रिल २०२५ मध्ये सायबर हल्ल्यानं एम अँड एसची ऑनलाइन विक्री सहा-सात आठवडे बंद पडली तेव्हा नेक्स्टचा फायदा झाला, हे नेक्स्टनंच सांगितलं. तुमचं ते सुधारलेल्या मापांचं निष्ठावान गिऱ्हाईक दीड महिना थांबलं नाही! रिव्हर आयलंडनं दुसऱ्याच्या दुकानातलं एक लेबल व्हावं, खर्च वाचेल.

मिडलंड्सकर

त्या वाटेनं गेलेल्यांची नावं घेऊ? जूल्स, कॅथ किडस्टन, फॅटफेस. आधी अडचणीत, मग २०२२-२३ मध्ये एकामागून एक नेक्स्टच्या पदरात. डेबेनहॅम्स या मोठ्या साखळीचं नाव बूहू या ऑनलाइन कंपनीनं घेतलं, दुकानं २०२१ मध्ये संपली. तरुण पोरींच्या टॉपशॉपचं नाव एसॉसकडे, म्हणजे दुसऱ्या ऑनलाइन कंपनीकडे गेलं आणि पोरींच्या डोक्यातून उतरत गेलं. २०२५ मध्ये पुन्हा वेगळं संकेतस्थळ काढलं तेव्हा त्यांनाही दुकानात जागा शोधावी लागली. लेबल म्हणून जगता येतं हो, पण मग गिऱ्हाईक नेक्स्टचं, तुमचं नाही. धाग्याचा प्रश्न गिऱ्हाईक परत आणायचा आहे.

आणि धागादोरा, जवळून माल घ्यायचं तुमचं म्हणणं डिझाइन कमी करण्याच्या विरोधात जात नाही. जीन्स, साधे टॉप, कोट वर्षभर चालतात, ते तुमच्याकडून भरपूर घ्यावेत, सगळ्या साइजमध्ये. फॅशनचा भाग तुर्कस्तानातून थोडा थोडा.

धागादोरा

असं वाटून घेणारे बायर आहेत. अडचण अशी की वर्षभर चालणाऱ्या मालाची ऑर्डर आम्ही कधी मागू तेव्हा मिळते, पण भाव तोडताना पहिला हात त्याच्यावर पडतो. “साधा टी-शर्ट आहे, यात काय आहे?”

रेडिंगची मावशी

खडूसबाळा, तू एवढं सगळं सांगितलंस. पण उद्या तू रिव्हर आयलंडमध्ये काय घ्यायला जाशील ते एक सांग की.

कु. खडूस

पँट, मावशी. मी पाच फूट एक इंच. मोठमोठ्या दुकानांत पेटीट (कमी उंचीच्या बायकांचं माप) म्हणून पायाची लांबी कापतात, पण गुडघा जिथल्या तिथे, त्यामुळे ढगळ पँटीचा घेर माझ्या पोटरीपासून सुरू होतो. प्रत्येक पँट आखूड, मध्यम, लांब अशा तीन लांबींत, पेटीटचा गुडघा खरोखर वर घेतलेला, आणि दुकानात घालून बघता येईल अशी. ऑनलाइन ‘पेटीट उपलब्ध’ नको. ते मिळालं तर साठ पौंड देईन, सेल बघणार नाही.

चक्रवाढ

तीन लांबी गुणिले आठ साइज, एका पँटचे चोवीस प्रकार. दोन रंग घेतले तर अठ्ठेचाळीस. ते प्रत्येक दुकानात ठेवायला जागा कुठून आणणार, धागाकर्ते?

मिडलंड्सकर

आत्ता त्या जागेत चाळीस तऱ्हेच्या पँटी लटकतायत, प्रत्येकीचे सहा नि अठरा नंबर. त्यातल्या चौतीस काढा. सहा राहतील, चोवीस-चोवीस प्रकारांत. दुसरा रंग मागच्या खोलीत.