लेक्चर चांगलं होतं, वह्या भरतात, तरी साधा प्रश्न सुटत नाही. काय बदलू?

मृण्मयी_इंदूर:

नमस्कार. मी इंदुरात एका खाजगी कॉलेजात बी.एस्सी. पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते. हे माझं अकरावं वर्ष. वर्गात ऐंशीच्या आसपास मुलं. निम्मी शहरातली, बाकीची देवास, महू, धार, बडवानीकडची. शिकवणं हिंदीत, पुस्तकं अर्धी इंग्रजीत. घरी मात्र मराठी, म्हणून मनातलं इथे लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात न्यूटनचे नियम संपवले. तीन तास घेतले, तयारी चांगली होती, मुलं शांतपणे उतरवून घेत होती. शेवटी मी खडूचा तुकडा वर उडवला, झेलला आणि विचारलं, हवेचा विरोध सोडून द्या, पण हा अगदी वर पोचला त्या क्षणी याच्यावर बल किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "ज़ीरो, मैडम."

पहिल्या बाकावरच्या मुलीच्या वहीत 'बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण' हे लाल चौकटीत, दोनदा अधोरेखित केलेलं होतं. तीही झीरोच म्हणाली. वर पोचल्यावर वेग शून्य होतो. गुरुत्वाकर्षण तिथेही तेवढंच खाली ओढत असतं, त्वरण तेच ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. बल शून्य असतं तर तो खडू तिथेच लटकून राहिला असता. हे मी त्याच तासाला अर्धा तास आधी सांगितलं होतं, याच शब्दांत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बोलले, त्यांनी लिहून घेतलं, यात शिकणं नक्की कुठे झालं? दोन वर्षांपूर्वी ग्रुप डिस्कशन करून पाहिलं होतं. प्रत्येक गटात एक जण बोलायचा, बाकीचे बाकाखाली मोबाइल. बाकं जमिनीत ठोकलेली, गोल करून बसवता येत नाही. लेक्चर सोडून द्यावं का? आणि सोडलं तर त्या जागी काय आणावं? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

खडू_फळा:

मृण्मयी, माझी मुलगी तुझ्याच वयाची, म्हणून एकेरीत लिहितो. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो, आता राजेंद्रनगरला असतो.

लेक्चर एवढ्यात मोडीत काढू नकोस. छापखाना नव्हता, पुस्तक हाताने लिहिलं जाई आणि परवडत नसे, तेव्हा एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं, यातून ही पद्धत आली. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच वाचन. नुसतं पुस्तकातलं फळ्यावर उतरवायचं असेल तर आज त्याची गरज नाही, हे मला मान्य आहे. पण अडलेला माणूस पुढे कसा सरकतो, हे पुस्तकात दिसत नाही. ते फळ्यावर दिसतं.

एक उदाहरण देतो. ई चा एक्सवा घात गुणिले साइन एक्स, याचं इंटिग्रेशन. बाय पार्ट्स, म्हणजे गुणाकाराचे दोन भाग करून इंटिग्रेशन करायची रीत, दोनदा वापरली की सुरुवातीचंच इंटिग्रल समोर येऊन उभं राहतं. मुलांना वाटतं, सर फिरून तिथेच आले, चुकले. तिथे मी खडू खाली ठेवायचो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहायचो. एक मिनिट, कधी दोन. वर्गात काही न बोलता उभं राहणं फार जड जातं, तुलाही जाईल. मग मागून कुणीतरी म्हणायचं, "सर, उसको बाईं तरफ़ ले जाएँ तो?" तो आवाज आला की माझा तास वसूल. पहिली काही वर्षं मी ती पायरी स्वतःच भराभर करून मोकळा व्हायचो, आणि परीक्षेत नेमकी तिथेच मुलं अडायची.

तुझ्या तीन तासांत अशी थांबण्याची जागा किती वेळा आली, ते आधी आठवून पाहा.

अमोल_उज्जैन:

ताई, तुमचा खडूचा प्रश्न जगभर चुकतो, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. १९९२ मध्ये हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी प्रसिद्ध केली, ती अशाच साध्या प्रश्नांची आहे. आकडेमोड जवळजवळ नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी असे प्रश्न आपल्या वर्गाला दिले. अवघड गणितं सोडवणारी मुलं त्यांत अडखळली, आणि त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. १९९८ मध्ये हेक यांनी ६२ वर्गांचे, साडेसहा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सुधारायला जेवढी जागा होती त्यातली सरासरी ०.२३ एवढी नुसत्या लेक्चरच्या वर्गांनी भरून काढली, मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांनी ०.४८. पुढे २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, इंजिनिअरिंगचे २२५ अभ्यास तपासले. लेक्चरच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के होतं, मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांत २१.८.

माझूर यांची रीत ठोकलेल्या बाकांवरही चालते, मी स्वतः चालवतो. सात ते दहा मिनिटं बोला. मग चार पर्यायांचा एक प्रश्न. मिनिटभर प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा आणि उत्तर नोंदवायचं. हे आधी झालंच पाहिजे, नाहीतर शेजारी म्हणेल तेच आपलं उत्तर, तुमच्या गटांत झालं तसं. मग शेजाऱ्याला पटवा, आणि पुन्हा मत घ्या. पहिल्या खेपेला बरोबर उत्तरं तीस टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चा नको, पुन्हा समजवा. सत्तरच्या वर असतील तर पुढे चला. मधल्या पट्ट्यात वर्ग खरा तापतो.

मशीन लागत नाही. प्रत्येकाला चार रंगांचे पुठ्ठ्याचे तुकडे, एका पर्यायाला एक रंग. आपल्या उत्तराचा तुकडा छातीशी धरायचा, म्हणजे मागच्याला दिसत नाही आणि तुम्हाला सगळ्यांचे दिसतात.

एक मात्र आधीच सांगतो. मुलं कुरकुर करतील, मॅडम शिकवतच नाहीत म्हणतील. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच एका अभ्यासात दिसलं की अशा वर्गात मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं आपण कमी शिकलो. डोक्याला ताण पडतो ना. पहिल्याच दिवशी त्यांना हे सांगून टाका. मी सांगितलं नव्हतं, आणि तक्रार थेट प्राचार्यांकडे गेली.

तिसरा_बाक:

मॅडम, मी विद्यार्थी आहे, दुसऱ्या कॉलेजातला. हात वर करायची भीती उत्तर चुकेल म्हणून कमी आणि सगळे वळून बघतील म्हणून जास्त असते. छातीशी धरायचं कार्ड मला चाललं असतं. व्हिडिओ घरी बघून या, वर्गात चर्चा करू, हे आमच्याकडे वर्षभर केलं. होस्टेलवर नेट नीट नाही, न बघता आलेला गप्प बसतो. शेवटच्या दोन मिनिटांत एका सरांनी चिठ्ठी मागायला सुरुवात केली, आज कुठे अडलं ते लिहा, नाव नको. मी चारही वर्षांत मनापासून लिहिलेली तेवढीच गोष्ट.

मृण्मयी_इंदूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस झाले, काय झालं ते सांगते.

आईने जमवून ठेवलेल्या लग्नपत्रिका कापल्या, मागच्या बाजूला चार रंग लावले. प्रश्न घेतला तिसऱ्या नियमाचा. ए.बी. रोडवर ट्रक आणि रिक्षा समोरासमोर धडकले, जास्त बल कुणावर? पहिल्या वेळी लालच लाल, म्हणजे रिक्षावर. दोन्हीवर सारखंच म्हणणारी हिरवी कार्डं तिसऱ्या हिश्शाच्या जेमतेम वर. इतकी वर्षं मी या मुलांना पालथा घडा समजत होते. त्या लाल रंगाकडे बघताना कळलं, घडा सरळच आहे, आधीपासून काठोकाठ भरलेला.

मग म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. काकांचं ऐकून मी खिडकीपाशी गेले. पहिलं अर्धं मिनिट कुणीच बोललं नाही, पंख्याचाच काय तो आवाज. जीव वरखाली होत होता. मग मागच्या रांगेत दोन मुलं निमाडीत भांडायला लागली. बडवानीकडचा मुलगा, या वर्षात माझ्याशी एक वाक्य न बोललेला, शेजाऱ्याचा हात धरून भिंतीवर दाबत होता. तू जितकं ढकलतोस तितकीच भिंत तुला ढकलते, मग ट्रक वेगळा कसा? मी त्यांना मध्येच थांबवलं नाही. दुसऱ्या मतात हिरवी कार्डं दुपटीच्या आसपास गेली.

लेक्चर सोडलेलं नाही. मतानंतरची दहा मिनिटं मीच बोलले, आणि एवढ्या लक्षाने मला या वर्गाने कधी ऐकलं नव्हतं. एक डेरिव्हेशन मात्र घरी वाचायला द्यावं लागलं. तेवढा वेळ कुठून तरी काढावाच लागतो, आणि अभ्यासक्रम कसा पुरा होणार याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. चिठ्ठ्याही सुरू केल्यात.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलाशी आला. बराच वेळ डस्टरशी चाळा करत राहिला, मग म्हणाला, "मैडम, बल बराबर है तो टूटता रिक्शा ही क्यों है?" मी उत्तर दिलं नाही. उद्याच्या तासाला तोच प्रश्न फळ्यावर लिहिणार आहे.