मदत हवी आहे: रूट ६६ वर आई-बाबांना निसर्गातलं काय काय दाखवावं?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही शिकागोहून सांता मोनिकापर्यंत रूट ६६ या अमेरिकेतल्या जुन्या महामार्गाने जायचं ठरवलंय. नवरा, मी आणि माझे आई-बाबा. हाताशी दोनेक आठवडे आहेत. या रस्त्याची माहिती शोधायला गेलं की जुने डायनर, निऑनच्या पाट्या आणि अमारिलोजवळ जमिनीत अर्ध्या गाडलेल्या कॅडिलॅक मोटारी हेच सगळीकडे येतं. ते वाटेत दिसेलच, त्यासाठी धागा काढलेला नाही. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर रंगीत खडूंनी कॅन्यनचा उभा छेद काढायचे, प्रत्येक थराला वेगळा रंग. ते थर त्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत म्हणून हा सगळा खटाटोप आहे.

अडचणी आधीच सांगते. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती अर्धा-पाऊण तास आरामात चालते, पायऱ्या मात्र नकोत. बाबांना ऊन सोसत नाही. आणि रोज पाच तासांपेक्षा जास्त गाडीत बसवायचं नाही असं ठरवलंय.

मूळ रस्ता २,४४८ मैलांचा, आठ राज्यांतून जाणारा. १९२६ साली सुरू झाला आणि १९८५ मध्ये अधिकृत महामार्गांच्या यादीतून गेला, त्यामुळे बराचसा प्रवास आय-५५, आय-४४ आणि आय-४० या आंतरराज्य महामार्गांवरूनच होईल. माझा अंदाज असा की इलिनॉय, मिझुरी, कॅन्ससचा तेरा मैलांचा तुकडा आणि ओक्लाहोमा भराभर मागे टाकावेत आणि वाचलेले दिवस न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाला द्यावेत. निसर्ग खरा तिथेच उलगडतो असं नकाशा बघून वाटतंय. हे बरोबर आहे का?

आता नेमके प्रश्न:

मिझुरीतल्या मेरामेक केव्हर्न्समध्ये आईला जमेल का? चुनखडीची एवढी मोठी गुहा बाबांना नक्की आवडेल, पण पायऱ्यांची धास्ती आहे.

टेक्सासमधलं पालो ड्यूरो कॅन्यन आणि पुढे ग्रँड कॅन्यन, दोन्ही करावीत की एकच? नवऱ्याचं म्हणणं, ग्रँड कॅन्यन बघणारच आहोत तर धाकटं कशाला.

ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टला (दगड झालेल्या झाडांचं नॅशनल पार्क) किती वेळ ठेवावा? काही जण तासाभरात उरकतं म्हणतात, काही जण अख्खा दिवस द्या म्हणतात.

अल्बुकर्कीहून खाली व्हाइट सँड्सला जाऊन यावं का? जिप्समची पांढरीशुभ्र वाळू बघायचा मोह होतोय, पण ते बरंच आडबाजूला आहे.

आणि ॲरिझोनातल्या मीटिऑर क्रेटरचं, म्हणजे उल्केच्या धडकेने झालेल्या विवराचं, तिकीट वसूल होतं का? बाबांनी लोणारला शाळेच्या कितीतरी सहली नेल्या आहेत, त्यामुळे त्यांचा जीव या विवरात अडकलाय.

प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे. पूर्वेकडे घाई करा, पश्चिमेकडे रेंगाळा.

पालो ड्यूरो अजिबात सोडू नका. ते धाकटं असलं तरी तिथे डांबरी रस्ता थेट कॅन्यनच्या तळापर्यंत उतरतो. ग्रँड कॅन्यनला साउथ रिमवर, म्हणजे दक्षिण काठावर, तुम्ही काठावर उभे राहून खाली बघता. इथे तळाशी गाडी लावून दरवाजा उघडला की लाल, पांढऱ्या, पिवळट थरांच्या भिंती चहूबाजूंनी वर चढलेल्या. आईंना एक पायरीही चढावी लागणार नाही. भूगोलाच्या शिक्षकांना तर आधी खालून वर आणि मग वरून खाली असं दोन्ही दाखवायलाच हवं. फक्त लाइटहाउस ट्रेल या पायवाटेच्या नादी लागू नका, जाऊन-येऊन सहा मैलांच्या आसपास आहे आणि सावली फारशी नाही. हे स्टेट पार्क असल्यामुळे नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही.

मेरामेकमध्ये पायऱ्या आहेत, गाइडबरोबर मैलभराच्या वर चालणंही आहे. आईंसाठी मी नको म्हणेन. बाबा आणि तुमचे मिस्टर जाऊन येऊ देत. आत बारा महिने गारवा असतो, स्वेटर लागेल.

न्यू मेक्सिकोत सांता रोझाचं ब्लू होल जुन्या रस्त्याला लागूनच आहे. ८१ फूट खोल नैसर्गिक झरा, पाणी इतकं नितळ की काठावरून पाणबुडे खाली जाताना दिसतात. अर्धा तास पुरतो.

व्हाइट सँड्स मात्र या वेळी सोडा. जाऊन-येऊन एक पूर्ण दिवस त्यातच जाईल. त्याऐवजी ग्रँट्सजवळ एल माल्पाइस बघा. एनएम ११७ या राज्य महामार्गावर सँडस्टोन ब्लफ्सच्या कड्यावर उभं राहिलं की खाली काळ्या लाव्हाचा गोठलेला पसारा दूरवर दिसतो. त्याच रस्त्यावर पुढे ला व्हेंताना ही वालुकाश्माची मोठी कमान आहे. गर्दी जवळपास नसतेच.

प्रतिसाद २

पेट्रिफाइड फॉरेस्टबद्दल लिहिते, कारण ते माझं सगळ्यात लाडकं पार्क आहे. किमान अर्धा दिवस द्याच.

तुम्ही पश्चिमेकडे जाताय, तेव्हा आय-४० च्या एक्झिट ३११ ने उत्तरेकडून आत शिरा. पार्कातला रस्ता २८ मैलांचा आहे. दक्षिणेच्या टोकाला यूएस १८० महामार्गाने बाहेर पडलात की सरळ हॉलब्रुकला पोहोचता, मागे फिरावं लागत नाही. सुरुवातीला पेंटेड डेझर्टचे पॉइंट्स लागतात, गाडीतून उतरून पाच मिनिटं बघायचे. मग जुना रूट ६६ जिथून जायचा तिथे १९३२ ची गंजलेली स्टुडबेकर मोटार ठेवलीय आणि टेलिफोनच्या जुन्या खांबांची ओळ उभी आहे. या जुन्या रस्त्याचा तुकडा ज्याच्या हद्दीत आहे असं हे एकमेव नॅशनल पार्क.

खरी मजा दक्षिणेला. रेनबो फॉरेस्ट म्युझियमच्या मागे जायंट लॉग्जची छोटी फेरी आहे. तिथेही थोड्या पायऱ्या आहेत, पण आई सुरुवातीच्या ओंडक्यांपर्यंत जाऊन परतल्या तरी चालेल. ओंडक्याजवळ वाकून बघा. बाहेरून सालीच्या रेघा, गाठी, सगळं लाकडासारखं. पण तुटलेल्या तोंडाशी आत लाल, पिवळा, जांभळा गारगोटीचा दगड, त्यात मधूनच चकाकणारे स्फटिक. ही झाडं २० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी नदीच्या गाळात पुरली गेली, पाण्यातल्या सिलिकाने लाकडाची जागा घेतली आणि लोह-मँगनीजने रंग भरले. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत! एक लहानसा तुकडासुद्धा उचलायला मनाई आहे, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

रात्री पार्कची गेट्स बंद होतात, आत राहायची सोय नाही. आणि न्यू मेक्सिकोतून ॲरिझोनात शिरलात की त्या दिवसांत घड्याळ एक तास मागे जातं, कारण ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. वेळेचं गणित त्याप्रमाणे करा.

मीटिऑर क्रेटर खासगी मालकीचं आहे, तिथेही नॅशनल पार्कचा पास चालत नाही. तरी तुमच्या बाबांसाठी नक्की जा. लोणार बेसाल्टमध्ये आहे आणि तळाशी सरोवर. इथे वालुकाश्म, चुनखडीचे आडवे थर, आणि विवर कोरडं. त्यामुळे सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीच्या धडकेने काठाचे थर कसे वर उचलले, उलटे झाले ते स्पष्ट दिसतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! व्हाइट सँड्स काढलं, पालो ड्यूरो पक्कं. नवऱ्यालाही पटलंय.

आता दोनच शंका. फ्लॅगस्टाफजवळ वॉलनट कॅन्यन की सनसेट क्रेटर? आणि विल्यम्स गावी राहून ग्रँड कॅन्यन करावं का?

प्रतिसाद २

सनसेट क्रेटर. वॉलनटच्या आयलंड ट्रेलला अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या परतताना चढाव्या लागतात. सनसेटला काळ्या राखेचा डोंगर आणि लाव्हा रस्त्यावरूनच दिसतो.

विल्यम्सहून साउथ रिम साठेक मैल. चालेल, पण रिमवरच खोली मिळत असेल तर तीच घ्या, पहाटे आणि संध्याकाळी थरांचे रंग पूर्ण बदलतात. यावापाई म्युझियमपासून ग्रँड कॅन्यन व्हिलेज या वस्तीकडे जाणारी ट्रेल ऑफ टाइम ही फरसबंद वाट आहे, बरीचशी सपाट. वाटेत कॅन्यनमधले खडक वयानुसार ओळीने मांडलेत, हात लावून बघता येतात. उंची ७,००० फुटांच्या आसपास आहे, आई-बाबांना पहिल्या दिवशी सावकाश चालू द्या.

प्रतिसाद १

एक राहिलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीत बलून फिएस्टा (गरम हवेच्या फुग्यांचा उत्सव) असतो, हॉटेलं खूप आधी भरतात. तारखा जुळत असतील तर आजच बुकिंग करा. आणि कॅलिफोर्नियात ॲम्बॉय क्रेटर या ज्वालामुखीच्या विवराकडे जाताना जुन्या रस्त्यावरचे लाकडी पूल पुराने खराब होऊन काही भाग बंद असतात. निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते बघा, नाहीतर आय-४० वरूनच पुढे जा.