व्हर्टस जीटीचे ब्रेक: रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी नेमके काय बदलावे?

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२२ सालची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे, १.५ लिटर टर्बो पेट्रोल, डीएसजी म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्सची. कामानिमित्त चोर्ला घाटातून बेळगावला नेहमी ये-जा असते आणि मित्रांबरोबर अधूनमधून कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जाणे होते. गाडी तिथपर्यंत चालवत नेतो आणि चालवतच परत आणतो, ट्रेलरवर घालून नेण्याची ऐपतही नाही आणि हौसही नाही.

अडचण अशी आहे की ट्रॅकवर पहिल्या काही फेऱ्या छान जातात, पण त्यानंतर ब्रेकवरचा विश्वास उडू लागतो आणि वळणाच्या बऱ्याच आधीपासून पाय ब्रेकवर ठेवावा लागतो. पर्वरीच्या बाजूला असलेल्या एका दुकानात विचारले, तर त्यांनी पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (पिस्टनने ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग), भोके पाडलेल्या मोठ्या डिस्क, त्या बसाव्यात म्हणून १७ इंची चाके, आणि मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क, असा सगळा संच सुचवला. आकडा ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो. टायर अजून कंपनीचेच, २०५/५५ आर १६ आहेत. एवढा खर्च खरोखरच आवश्यक आहे का, की पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून भागेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अनमोड_उतार

डिचोलीकर, ‘विश्वास उडतो’ म्हणजे नेमके काय होते, हे आधी सांगावे, कारण सगळे उत्तर त्यावर अवलंबून आहे. पेडल मऊ पडून नेहमीपेक्षा खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळते आहे. उकळताना तयार होणारी वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचत नाही. याउलट पेडल नेहमीच्याच उंचीवर घट्ट राहत असेल, आपण जीव खाऊन दाबत असाल आणि तरीही गाडी थांबत नसेल, तर पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेला आहे. पहिल्या दुखण्यावर दुसऱ्याचे औषध चालत नाही, आणि दुकानदार बहुधा हा प्रश्न विचारतच नाहीत.

उष्णतेचा अंदाज यावा म्हणून थोडे गणित मांडतो. चालकासह १,३५० किलो वजनाची गाडी ताशी १५० वरून ७० किलोमीटरवर आणताना ब्रेकना सुमारे ९ लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते, आणि जोरात ब्रेक मारल्यास हे अडीच सेकंदांत घडते. म्हणजे तेवढा वेळ ब्रेक सरासरी ३५० किलोवॅटहून अधिक दराने उष्णता निर्माण करत असतात, तर आपले इंजिन पूर्ण जोरातही ११० किलोवॅटच देते. घाटात ६० वरून ३० वर येताना हाच आकडा दीड लाख ज्यूलच्या आत राहतो. मात्र घाटाला कमी लेखू नये, कारण दर १०० मीटर उंची उतरताना याच गाडीतून सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. ती इंजिनात आणि हवेत गेली तर ठीक, पण गिअर ‘डी’ मध्ये ठेवून ब्रेकवर पाय टेकवून उतरणाऱ्याच्या गाडीत ती जवळजवळ सगळी डिस्कमध्ये जाते. चोर्ला उतरताना गिअर हाताने खाली घ्यावा, हे आपल्याला ठाऊक असेलच.

आता ऑइल. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर मानकानुसार किमान १५५ अंशांचीच हमी उरते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. ट्रॅकसाठीच्या ऑइलपैकी मोतुल आरबीएफ ६०० नवे असताना ३१२ अंशांपर्यंत टिकते. कॅस्ट्रॉल एसआरएफचे वैशिष्ट्य म्हणजे ओलावा शोषल्यानंतरही त्याचा आकडा २७० च्या आसपास राहतो, आणि किंमतही त्याच मानाने चढी आहे. नुसते ‘डॉट ५’ असे लिहिलेली बाटली मात्र घेऊ नये. ते सिलिकॉनचे ऑइल असते, इतर प्रकारांत मिसळत नाही आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला योग्य नाही. आपल्या गाडीचे ऑइल शेवटचे कधी बदलले?

डिचोलीकर

तत्पर उत्तराबद्दल आभारी आहे. पेडल मऊ पडून खाली जाते, आणि गाडी काही वेळ उभी ठेवली की पुन्हा बरेचसे पूर्ववत होते. शेवटच्या फेऱ्यांना जळका वासही येतो. सर्व्हिसची बिले आताच काढून पाहिली. गाडी घेतल्यापासून ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद एकाही बिलात नाही. पॅड मूळचेच आहेत आणि निम्म्याहून अधिक झिजले आहेत.

फोंडा_गॅरेज

गोव्याच्या दमट हवेत इतके पावसाळे काढलेले ऑइल ट्रॅकवर उकळले, यात नवल ते काय. त्यातच पॅड झिजलेले आहेत. पॅडचा थर हा डिस्क आणि पिस्टन यांच्यामधला उष्णतेचा आडोसा असतो आणि तो पातळ झाला की ऑइलपर्यंत उष्णता लवकर पोहोचते. म्हणून ट्रॅकवर जाताना पॅड निम्म्याहून जाड असावेत, मग ते कितीही चांगल्या कंपनीचे असोत.

पॅड घेताना त्याच्या पाठीवरचा कोड वाचावा. शेवटची दोन इंग्रजी अक्षरे घर्षणांक सांगतात. पहिले अक्षर साधारण तापमानाचे आणि दुसरे तापलेल्या अवस्थेचे. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफई’ लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडतो, हे अक्षरांतच सांगितलेले आहे. मात्र ही चाचणी ट्रॅकवरच्या तापमानापर्यंत जात नाही, त्यामुळे ट्रॅकसाठी पॅड कंपनीने दिलेला तापमानाचा आलेखही पाहावा लागतो.

डिचोलीकरांची खरी गरज ही की एकच गाडी ट्रॅकवर पळणार आणि तीच दुसऱ्या दिवशी मुसळधार पावसात घाट उतरून घरी येणार. निव्वळ शर्यतीचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत, कर्कश ओरडतात आणि डिस्क खातात. सकाळी घराबाहेर पडल्यावर पहिल्याच वळणावर समोर म्हैस आली, तर पॅड तापेपर्यंत ती थांबणार नाही. म्हणून फेरोडो डीएस २५०० किंवा ईबीसी यलोस्टफ यांसारखे मधल्या वर्गातले पॅड पाहावेत, जे गार असतानाही पकडतात आणि मूळ पॅडपेक्षा बरेच अधिक तापमान सोसतात. आपल्या कॅलिपरसाठी ते मिळतात का, हे कॅलिपरवरचा क्रमांक पाहून ठरवावे, नुसत्या गाडीच्या नावावरून नव्हे.

भोके पाडलेल्या डिस्क ट्रॅकसाठी घेऊ नयेत. पुन्हा पुन्हा तापून गार झाल्यावर भोकांच्या कडेने तडे जातात आणि डिस्कचे तेवढे लोखंडही कमी होते, ज्यात उष्णता साठायची असते. चांगल्या प्रतीच्या साध्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्क पुरतात. फार तर खाचा असलेल्या घ्याव्यात. आपल्याकडे खारी हवा असल्यामुळे मधला भाग आणि कडा यांवर गंजरोधक लेप असलेल्या डिस्क मिळाल्यास उत्तम.

एक गोष्ट कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही, ती कॅलिपरच्या सरकत्या पिनांची. किनारपट्टीवरच्या गाड्यांचे कॅलिपर उघडले की रबरी टोपीच्या आत पाणी शिरून पिनेवर तांबूस खरपुडी धरलेली नेहमी दिसते. पिन हाताने ढकलून पाहावी. ती लोण्यासारखी सरकली पाहिजे. अडकत असेल तर आतला पॅड झिजून पत्र्याला आलेला असतो आणि बाहेरचा जवळजवळ नवा असतो. अशा गाडीला कितीही महाग पॅड घातले तरी निम्माच ब्रेक लागतो. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचेच उच्च तापमानाचे ग्रीस लावावे, बेअरिंगचे नव्हे, कारण खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगते.

वास्को_टर्बो

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, तरी मोठ्या ब्रेक संचाला सरसकट दुकानदाराचा डाव ठरवणे मला पटत नाही. माझ्या ऑक्टाव्हिया आरएसला असा संच लावलेला आहे आणि चेन्नईजवळच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर त्याचा फरक स्पष्ट जाणवतो. मोठ्या डिस्कमध्ये लोखंड अधिक असते, म्हणून तेवढीच ऊर्जा घेऊन ती कमी तापते आणि पॅड व ऑइल दोन्ही दीर्घकाळ मर्यादेत राहतात. मात्र माझ्या गाडीचे इंजिन अधिक ताकदीचे आहे, टायर बरेच चिकट आहेत आणि ती पूर्ण सत्र न थांबता पळवली जाते. ज्याचे ऑइल जुने आणि पॅड मूळचे आहेत, त्याने संच घेणे म्हणजे पायऱ्या गाळून माडीवर उडी मारणे होय.

मोठ्या ब्रेकमुळे गाडी कमी अंतरात थांबते, हा समज तर सोडूनच द्यावा. मूळ ब्रेकनी एबीएस चालू होत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. एका दमात थांबण्याचे अंतर टायर ठरवतात. डिचोलीकरांनी वेगळी रक्कम ठेवलीच असेल, तर ती चांगल्या टायरवर खर्च करावी. त्याच १६ इंची चाकांवर अधिक पकडीचे टायर मिळतात, आणि त्यांचा उपयोग जुलैतल्या अनमोड घाटातही होतो.

मागच्या ड्रमबद्दल: जोरात ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकते आणि अशा पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत पाऊण भाग किंवा त्याहून अधिक भार पुढच्या टायरवर जातो. मागे डिस्क बसवून दिसायला छान वाटेल, पण हँडब्रेकची केबल, मागच्या चाकाचे हब आणि एबीएस आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचे जुळवलेले गणित या सगळ्यांत हात घालावा लागेल, आणि पदरात फारसे काही पडणार नाही. त्यापेक्षा ड्रम उघडून आतली धूळ साफ करून घ्यावी आणि लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) व ते दाबणारे व्हील सिलिंडर तपासून घ्यावेत.

एका मुद्द्यावर फोंडा_गॅरेज यांच्याशी माझा मतभेद आहे. मधल्या वर्गातले पॅड दोन्हीकडे चालवण्यापेक्षा मी ट्रॅकचे पॅड डिकीत नेतो आणि तिथे पोहोचल्यावर बदलतो. कॅलिपरचे बोल्ट सोडून पॅड बदलणे हे जॅक, स्टँड आणि टॉर्क पाना जवळ असल्यास फार वेळाचे काम नाही.

विम्याचेही सांगून ठेवतो. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या यांसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर झालेले नुकसान स्वतःच्याच खिशातून भरावे लागेल असे धरून चालावे. पॅड आणि ऑइल ही झिजणारी, बदलण्याचीच वस्तू आहे; पण कॅलिपर, डिस्क आणि चाकांचा आकार बदलण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे आणि विमा कंपनीला लेखी विचारावे.

फोंडा_गॅरेज

पॅड बदलण्याची आपली पद्धत योग्यच आहे, पण वेगवेगळ्या मिश्रणांचे पॅड एकाच डिस्कवर आलटून पालटून वापरल्यास आधीच्या पॅडचा थर डिस्कवर राहतो आणि नवा पॅड त्यावर नीट बसत नाही. मग पेडल थरथरते आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा थर कमी-जास्त चढलेला असतो. नुकतीच सुरुवात करणाऱ्याने दोन संचांच्या भानगडीत पडू नये, असे माझे मत कायम आहे.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कवर रुळवून घ्यावे लागतात. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ८० च्या आसपासून २० पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, हळूहळू जोर वाढवत आठ-दहा वेळा ब्रेक मारावा आणि मग ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवून सर्व गार होऊ द्यावे. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिले की तिथेच ठसा उमटतो. ट्रॅकवरही सत्राची शेवटची फेरी सावकाश मारावी, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. आपल्या गाडीत तो मागच्या तापलेल्या ड्रमवर लायनर दाबून धरतो. ‘पी’ मध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

डिचोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुकानदाराला नकार कळवला आहे. सध्या आरबीएफ ६००, मधल्या वर्गातले पुढचे पॅड आणि साध्या डिस्क, एवढेच करायचे ठरवतो. टायर पावसाळ्याच्या तोंडाशी घेईन. फोंडा_गॅरेज, पुढच्या शनिवारी गाडी आपल्याकडे आणली तर चालेल का? स्टीलच्या विणीचे ब्रेक पाइपही त्याच वेळी बसवून घ्यावेत का?

फोंडा_गॅरेज

अवश्य आणावी, पण सकाळी लवकर, म्हणजे ब्रेक गार असताना मोजमाप करता येईल. पाइप आत्ताच नकोत. मूळच्या रबरी पाइपांना तडे नसतील आणि ते फुगत नसतील, तर त्यांनी पेडलच्या घट्टपणात थोडाच फरक पडतो, आणि वर विणीखाली पाइप झिजला तर तो बाहेरून दिसत नाही. ऑइलच्या दोन सीलबंद बाटल्या आणाव्यात, कारण जुने ऑइल पूर्ण निघेपर्यंत चारही चाकांतून ते वाहू द्यावे लागते आणि उघडी राहिलेली बाटली पुन्हा वापरायची नसते. जुने पॅड काढल्यावर आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी आपल्यासमोर मोजू; दोन्हींत दोन मिलिमीटरहून अधिक फरक निघाला, तर आधी पिना आणि पिस्टन पाहू, नवे पॅड त्यानंतर.